डिस्लेक्सिया असलेल्या पोराने तबल्याच्या लेखी पेपराला रायटर मागावा का?

फोंड्याची आई
लेक १३ वर्षांचा, तबला शिकतो. हात चांगला आहे, देवळात भजनाला बसला की बुवासुद्धा खूश. आता प्रवेशिका पूर्ण या तबल्याच्या परीक्षेला लेखी पेपर आला आणि आमची झोप उडाली. डिस्लेक्सियाचं, म्हणजे लिहिता-वाचताना अक्षरांची गल्लत होते त्याचं, सर्टिफिकेट आहे, शाळेत जादा वेळ मिळतो. घरी सराव घेतला तर त्रितालाच्या १६ मात्रा दुगुनीसकट, म्हणजे दुप्पट लयीतसुद्धा, हातावर टाळी देत धडाधड बोलला, आणि कागदावर बोल लिहिताना धा चा घा, धिं चा घिं, खालीचं (टाळी न देण्याच्या मात्रेचं) शून्य नवव्या मात्रेऐवजी दहाव्याखाली. मी म्हणते जादा वेळ आणि रायटर, म्हणजे तो सांगेल ते लिहून घेणारा, मागूया. मास्तर म्हणतात कशाला बोभाटा, नापास झाला तर परत बसेल. तुम्ही काय केलं असतं?

पखवाजवाला_मडगाव
ताई राग मानू नका पण मास्तरांचं बरोबर आहे. परीक्षेचं सर्टिफिकेट नको असेल तर परीक्षा देऊच नका ना, भजनाला कोण मार्कशीट विचारतो? पण पुढे विशारद होऊन शिकवायला बसला तर पोरांच्या वहीत कायदा (तबल्यातली बोलांची रचना) कोण लिहून देणार. बोल नीट लिहिणं हा विद्येचाच भाग आहे.

सा_रे_सावर्डे
मग आपले जुने कलावंत काय वह्या घेऊन बसायचे का? तबलावादक खाप्रूमामा पर्वतकरांना लयभास्कर म्हणत ते लयीच्या हिशोबासाठी, अक्षरासाठी नव्हे.

आणि गाण्याकडे तर आणखी गंमत. स्वर लिहायच्या भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार, म्हणजे वरचं सप्तक, पलुस्कर पद्धतीत तेच टिंब डोक्यावर म्हणजे मंद्र, खालचं! माझी भाची एका क्लासात एक शिकली, दुसऱ्यात दुसरी, तिला काही त्रास नसून ती रडली. ज्याला अक्षरंच हलताना दिसतात त्याने काय करायचं.

पियानो_टीचर_म्हापसा
आमच्याकडे पोरं लंडनच्या ग्रेड परीक्षांना बसतात, तिथे ह्यात कोणी लाजत नाही. त्यातल्या एबीआरएसएम बोर्डाला आधी कागदपत्रं दिली की जादा वेळ मिळतो, साइट रीडिंगचा (आधी न पाहिलेलं संगीत वाचून लगेच वाजवायचा) कागद मोठ्या छपाईत किंवा रंगीत मिळू शकतो. ट्रिनिटी या दुसऱ्या बोर्डात पाचव्या ग्रेडपर्यंत चारपैकी दोन टेस्ट आपण निवडायच्या, त्यामुळे साइट रीडिंग सोडून कानाची टेस्ट घेता येते. म्हणून वाजवण्यात कोणी सूट देत नाही हं, चुकीचा सूर तो चुकीचाच.

पखवाजवाला_मडगाव
बरं, जादा वेळ द्या, माझं काही जात नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत डिस्लेक्सिया आहे हे मलाही माहीत आहे. पण रायटरचं मला पटत नाही ते वेगळ्या कारणाने. तबला येणारा रायटर दिला तर पेपर कोणाचा झाला? आणि न येणारा दिला तर तो धिरधिर असा बोल ऐकून काय लिहील, देवच जाणे.

सा_रे_सावर्डे
हा मुद्दा मात्र खरा आहे. मग तोंडीच घ्या की सगळं, समोर परीक्षक बसलेलाच असतो.

पखवाजवाला_मडगाव
तोंडी तर प्रॅक्टिकलला होतंच, तेच दोनदा कशाला विचारायचं? व्याख्या, घराणी, कलाकारांची माहिती तोंडी विचारा, ताल मात्र लिहूनच हवा.

फोंड्याची आई
काल करून बघितलं. साखळीहून पुतणी आली होती, तिला तबल्यातलं ओ की ठो कळत नाही, तिलाच बसवलं. तो सांगतो, “धी, धनुष्यातला ध, घरातला घ नव्हे. आता ना, नळातला न.” सगळा झपताल बरोबर उतरला, २, ३, २, ३ चे विभागसुद्धा! मास्तरांना कागद दाखवला तर दोनदा वाचला आणि म्हणाले अर्ज कर. फक्त एक भानगड आहे, टेबल बडवल्याशिवाय त्याला एक बोल आठवत नाही, म्हणजे अर्जात आता वेगळी खोलीपण लिहायला हवी.