वर्षात तीनदा वेळ आखायची पद्धत बदलणाऱ्यांना काम करायचंच नसतं

औसारोडचा मास्तर
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. जूनमध्ये पोरगं येतं तेव्हा पोमोडोरो: २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं सुट्टी. दिवाळीत कुठल्यातरी टॉपरचा व्हिडिओ बघून नोशन ॲपवर रंगीत टाइमटेबल. संक्रांतीनंतर बुलेट जर्नल, म्हणजे हातानं आखलेली कामांची वही, सोबत चार रंगांचे पेन. टाइमटेबल लावण्यात रविवार जातो, थर्मोडायनॅमिक्स तसंच पडून. मोठ्यांचंही तेच, फक्त पेनाऐवजी ॲपची वर्गणी. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान कागदाच्या चिठ्ठ्यांवर टिपणं ठेवायचे, आयुष्यभरात साधारण ९० हजार झाल्या. पद्धत कुठली हे गौण. एक धरा, वर्षभर सोडू नका.

वाळूज थर्ड शिफ्ट
सर, तुमचं घड्याळ एकच आहे म्हणून जमतं. आमची शिफ्ट दर आठवड्याला फिरते. पहाटे पाचला उठून दिवस आखा म्हणतात, थर्डला पहाटे पाचला मी मशीनवर असतो. फर्स्टला असलो की तासांचे कप्पे पाडतो. थर्डला नुसती तीन कामांची यादी, झाली तर झाली. ह्याला धरसोड म्हणायचं तर म्हणा.

औसारोडचा मास्तर
ती धरसोड नाही हो, ठरलेली अदलाबदल आहे. मी बोलायलो ते कंटाळा आला म्हणून बदलणाऱ्यांबद्दल.

उदगीर कृषी केंद्रवाली
आणि कंटाळा आला की गरज पडली, हे बाहेरच्यानं कसं ठरवायचं? मृग लागला की दुकानात बियाण्याला, खताला रांग. मोबाइल उघडायला हात रिकामा नसतो. उधारी वहीत आणि दिवसाची कामं त्याच वहीच्या मागच्या पानावर. सोयाबीन मोंढ्यात यायला लागलं की वसुली. तेव्हा मात्र वही कुचकामी, कारण जो तो "आडतीची पट्टी (माल विकल्याचा हिशेब) झाली की देतो" म्हणून वेगळी तारीख देतो. मग मोबाइलवर आठवण लावते. वहीतून मोबाइलवर जाताना राहिलेली कामं हातानं उतरवते, आणि त्यातली बरीच तिथंच गळतात, कारण ती करायची नव्हतीच, नुसती लिहून ठेवलेली. वर्षभर एकच यादी चालवणाऱ्याकडं हा कचरा साचत जातो. माझ्या मते तोटा बदलण्यात नाही. अर्धं वहीत, अर्धं मोबाइलवर, काही व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेलं, ह्यात आहे.

नांदेडहून
चिकटून राहायचं म्हटलं तरी ॲप कुठं राहतं? वंडरलिस्ट हे कामांच्या यादीचं ॲप मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. आणि सर, लुमानचं अर्धंच सांगितलंत. १९६३ च्या सुमारास त्यांनी चिठ्ठ्यांचा पहिला संग्रह बाजूला ठेवून दुसरा बहुतेक नव्यानं सुरू केला होता.

औसारोडचा मास्तर
दहा-बारा वर्षांनी एकदा! आमची पोरं बारा आठवडे थांबत नाहीत.

रिपीटर
सर, मेडिकलच्या नीट परीक्षेला १८० मिनिटांत १८० प्रश्न, दुपारी २ ते ५, मधी सुट्टी नाही. वर्षभर पोमोडोरो धरून बसलेल्याची पंचविसाव्या मिनिटाला चुळबूळ सुरू होते. माझ्या रूमवर बघायलो ना रोज. मी जानेवारीपासून सोडून दिलं, सरळ तीन तासांची बैठक. पेपर जसा, तशी सवय नको का?

औसारोडचा मास्तर
बरोबर केलंस. पण का बदललं ते तुला सांगता येतं. बाकीच्यांना विचार, "व्हिडिओत बघितलं" म्हणतील. म्हणून माझी अट एवढीच: बदलायचं तर तारीख आधी ठरवा. चॅप्टर अवघड गेला त्या रात्री बदलायचं नाही.

उदगीर कृषी केंद्रवाली
तारीख ठरवायला पाऊस कधी येणार ते सांगा आधी.

वाळूज थर्ड शिफ्ट
अन् आमचा शिफ्टचा चार्ट रविवारी रात्री ग्रुपवर येतो. कधी कधी तोही सोमवारी बदलतो.