घोडदळवाल्यानं किल्ले घेतले कसे? (हेन्री ली, १७८१)

निपाणीकर:
मंडळी, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर वाचूलालोय. त्यात 'लाइट हॉर्स हॅरी' ऊर्फ हेन्री ली भेटला. १७७६ ला व्हर्जिनियाच्या घोडदळात कॅप्टन, वय अवघं वीस. पण १७८१ मध्ये साउथ कॅरोलिनात गडी एकामागून एक इंग्रजांचे किल्ले घेत सुटलाय. घोड्यावरून तट कसा चढले ओ? फौजेतलं कोण आहे काय इथं?

खानापूरचा सुभेदार:
आहे की. मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर, आता भात बघतो.

किल्ला म्हटल्यावर राजहंसगड डोळ्यासमोर आणू नका. लाकडाचे मेढेकोट होते ते. फोर्ट वॉटसन सँटी नदीकाठी, जुन्या मातीच्या टेकाडावर. ली आणि त्याच्याच बाजूचा सरदार फ्रान्सिस मॅरियन यांच्याकडं तोफ नाही. आधी पाणी तोडलं, तर आतल्यांनी विहीर खणली. मग मेहॅम नावाच्या मेजरनं युक्ती काढली. झाडं तोडून ओंडके तयार केले आणि रातोरात तटापेक्षा उंच माचाण उभं केलं. उजाडल्यावर वरून बंदुका थेट आत. २३ एप्रिलला ठाणं शरण.

मे महिन्यात फोर्ट मॉट. तिथं तर रिबेका मॉट बाईंच्या राहत्या घरालाच इंग्रजांनी तट घातलेला. घर जाळायला बाईंनीच होकार दिला. छपरावर पेटते बाण पडले, आतले शरण आले, मग दोन्हीकडच्यांनी मिळून आग विझवली. बाईंनी दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांना जेवू घातलं म्हणे!

आणि लीच्या 'लीजन'मध्ये, म्हणजे त्याच्या मिश्र पलटणीत, स्वारांबरोबर पायदळही होतं. स्वारांचं काम बातमी आणणं आणि रसद मारणं. चार्ल्सटनहून कॅम्डनला जाणारी रसद ह्याच ठाण्यांच्या आधारानं चालायची. ती तुटल्यावर इंग्रजांचा सेनापती लॉर्ड रॉडनला कॅम्डन सोडावं लागलं. संताजी-धनाजी वाचलेल्यांना हे नवीन नाही.

शहापूरची ताई:
सुभेदारकाका, पाईलचं का गाळलंत? फेब्रुवारी १७८१, नॉर्थ कॅरोलिना. लीच्या स्वारांचे कोट हिरवे, इंग्रजांचा घोडदळ अधिकारी टार्लटन, त्याच्या स्वारांचेही हिरवे. पाईल नावाच्या म्होरक्याची राजनिष्ठ, म्हणजे इंग्रज राजाच्या बाजूची, मंडळी आपलीच माणसं समजून रस्त्याकडेला रांगेत उभी राहिली. ली त्यांची वास्तपुस्त करत रांगेवरून पुढं गेला आणि मग तलवारी चालल्या. नव्वदेक माणसं कापली गेली, तीही तिथलीच, शेजारपाजारची.

खानापूरचा सुभेदार:
बरोबर आहे ताई. चकमक पाठीमागून अचानक पेटली, असं ली स्वतः सांगतो. पण मेले ते मेलेच.

निपाणीकर:
मग लीला सुवर्णपदक मिळालं म्हणतात, ते कशाबद्दल?

खानापूरचा सुभेदार:
ते आधीचं, ऑगस्ट १७७९, पॉलस हुक हे इंग्रजांचं ठाणं. हल्लीच्या जर्सी सिटीत येतं. रात्री दलदल आणि खंदक तुडवत गेले, बंदुकीची दारू भिजली, म्हणून नुसत्या संगिनीवर ठाणं मारलं. १५८ कैदी! आणि तिथं घोडे जवळपास नव्हतेच, बघा. परत आल्यावर आपल्याच अधिकाऱ्यांनी जळून कोर्ट मार्शल लावलं. त्यातनं निर्दोष सुटला, आणि त्याच सप्टेंबरात अमेरिकेच्या काँग्रेसनं पदक मंजूर केलं. त्या युद्धात जमिनीवरच्या फौजेत जनरलच्या खालच्या हुद्द्यावर असं सुवर्णपदक मिळालेला तो एकटाच.

निपाणीकर:
भारी. आता ह्या टार्लटनवर वेगळा धागा काढतो.