पुरावा दाखवला तर आस्तिक-नास्तिकांचं मत खरंच बदलतं का?

दोन_बाजू:
नमस्कार. आमच्या विज्ञान मंडळात या विषयावर दोन तासांची चर्चा ठेवायची आहे. श्रोत्यांत रोज पूजा करणारे असतील, तसे ठाम नास्तिकही. देव आहे की नाही यावर जुगलबंदी नको. आधी कसोटी ठरवून मग चाचणी घेतली, असं कुठे झालंय का? निकालानंतर कोणाचं काय बदललं? आणि दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी चाचणी आखताना नेमकं कुठे चुकतं?

मध्यमान:
आपल्याकडचंच उदाहरण घ्या. 2008 साली जयंत नारळीकरांनी महाराष्ट्र अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) सहकार्याने फलज्योतिषाची चाचणी घेतली. विषय देवाचा नाही, पण तुमच्या प्रश्नाला नेमका बसतो.

100 हुशार मुलं आणि बौद्धिक अक्षमता असलेली 100 मुलं, अशा 200 कुंडल्या मांडल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या यदृच्छेने निवडलेल्या 40 पाठवल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढंच सांगायचं. 28 बरोबर आल्या तर उत्तीर्ण. 51 जण तयार झाले, 27 जणांची उत्तरं आली. सर्वांत चांगला निकाल 24. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या 200 कुंडल्या पाहिल्या, त्यांच्या 102 बरोबर आल्या.

28 च का? नाणं 40 वेळा उडवून 28 किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता साधारण 0.8 टक्के. एकट्या माणसासाठी ही कसोटी कडक आहे. पण 27 जण बसले की त्यांतला निदान एक जण नुसत्या नशिबावर उत्तीर्ण होण्याची शक्यता 20 टक्क्यांवर जाते! म्हणून एखादा उत्तीर्ण झालाच तर त्याला नव्या 40 कुंडल्या द्यायच्या, हे आधीच नियमांत लिहून ठेवावं. निकालानंतर दुसरी फेरी मागितली की तो रडीचा डाव वाटतो, आणि ते वाटणं रास्त आहे. 24 चं म्हणाल, तर तेवढे किंवा जास्त नशिबाने 13 टक्के वेळा येतात. म्हणजे 27 जणांत तीन-चार जणांना ते यायला हवे होते, आले एकालाच.

अशा निकालावर येणारे आक्षेप ठरलेले असतात: जन्मवेळ अचूक नव्हती, खरे जाणकार बसलेच नाहीत, एवढ्या माहितीवर सांगता येत नाही. पहिला आक्षेप पोकळ नाही. लग्नरास, म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दोन तासांनी बदलते, त्यामुळे सीमेवरच्या जन्मात दहा मिनिटांची चूकही कुंडली बदलते. म्हणून 'ही माहिती मला पुरेशी आहे' अशी प्रत्येकाची सही चाचणीआधी घ्यावी. कोणती कुंडली कोणाची, याची यादी दोन्ही बाजूंपैकी कोणाकडेच नको, तिसऱ्याकडे सीलबंद ठेवावी.

टाळमृदंग:
आखणीबद्दल सहमत. पण फलज्योतिष म्हणजे देव नव्हे. वारीला निघालेला माणूस पांडुरंग सिद्ध करायला निघत नाही, त्यामुळे तो सिद्ध झाला नाही म्हणून वाखरीहून परतही फिरत नाही. त्याच्यासाठी तो नात्याचा प्रश्न आहे.

शब्दांचाही घोळ आधी मिटवा. आपल्या दर्शनांत आस्तिक म्हणजे वेदप्रामाण्य मानणारा. पूर्वमीमांसा जगाचा कर्ता ईश्वर मानत नाही, तरी ती आस्तिक दर्शनांतच मोडते. चर्चेआधी दोन्ही बाजूंकडून 'देव म्हणजे काय' हे तीन ओळींत लिहून घ्या, नाहीतर दोन तास त्यातच जातील.

तपासता येतो तो 'देव अमुक करतो' हा दावा. 2006 मध्ये अमेरिकेत बायपासच्या 1802 रुग्णांवर प्रार्थनेचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रार्थना होईल की नाही हे माहीत नसलेले दोन गट होते: एकासाठी प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी नाही. शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत अनुक्रमे 52 आणि 51 टक्के. तिसऱ्या गटाला प्रार्थना होणार असल्याचं सांगितलं होतं, तिथे 59 टक्के. पण घरच्यांची प्रार्थना कोणत्याच गटात थांबवता येत नाही, थांबवूही नये. त्यामुळे 'प्रार्थना विरुद्ध शून्य प्रार्थना' अशी तुलना झालीच नाही, झाली ती अनोळखी लोकांच्या जादा प्रार्थनेची. भाविकाने यातून 'देव नाही' असा निष्कर्ष का काढावा? मात्र 'पैसे भरा, आम्ही तुमच्यासाठी लांबून प्रार्थना करतो, गुण येईल' असं कोणी म्हणत असेल, तर त्याला हा निकाल नक्की लागू पडतो. हा फरक भाविकांनीही प्रामाणिकपणे मान्य करायला हवा.

प्रत्यक्षप्रमाण:
नास्तिक बाजूची परीक्षाही झाली आहे, तिची आठवण फारशी काढली जात नाही. 2001 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात सोलच्या रुग्णालयातल्या 199 स्त्रियांवरचा अभ्यास आला. उपचार टेस्ट ट्यूब बेबीचे. ज्यांच्यासाठी दूरदेशी प्रार्थना झाली त्यांच्यात गर्भधारणा 50 टक्के, बाकीच्यांत 26. म्हणजे हवा तो पुरावा, छापील! संशयवाद्यांनी मत बदललं नाही, अभ्यासच तपासायला घेतला. प्रार्थनेची रचना विनाकारण गुंतागुंतीची निघाली, पुढे एका लेखकाने आपलं नाव काढून घेतलं आणि दुसऱ्याला वेगळ्याच आर्थिक फसवणुकीत शिक्षा झाली.

संशय बरोबर ठरला, पण तेवढ्यावर आपण नास्तिकांनी सुटू नये. अभ्यास निर्दोष निघाला असता तर आपण काय केलं असतं, हे आधी लिहून ठेवलं होतं का? गणिताने पाहा. एखाद्या दाव्याला तुम्ही हजारात एक शक्यता देता. दावा खोटा असण्यापेक्षा खरा असल्यास शंभरपट सहज मिळेल असा पुरावा आला, तर ती शक्यता साधारण 9 टक्के होते. म्हणजे न पटणं योग्यच. पण तसाच दुसरा स्वतंत्र पुरावा आला तर ती 90 च्या पुढे जाते. तेव्हाही 'कुठेतरी चूक असेल' एवढंच म्हणत राहिलो, तर आपली सुरुवातीची शक्यता हजारात एक नव्हती, शून्य होती. शून्याला कितीनेही गुणा.

दोन_बाजू:
फार उपयोगी. सभागृहात करून दाखवता येईल असं काही? 21 सप्टेंबर 1995 चं गणपतीचं दूध पिणं दाखवावं का?

मध्यमान:
दाखवा, पण मूर्तीवर सुरुवात करू नका. सभा तिथेच दुभंगते. गुळगुळीत दगडी खलबत्त्याचा बत्ता घ्या, ओल्या फडक्याने पुसा. चमचा काठोकाठ भरून दुधाचा फुगवटा बत्त्याला टेकवा आणि चमचा किंचित कलता करा. पृष्ठताण आणि केशाकर्षणाने दूध ओढलं जातं आणि पातळ थराने खाली ओघळतं. पांढऱ्या संगमरवरावर तो थर दिसत नाही. म्हणून दुसऱ्या चमच्यात खाण्याचा लाल रंग घाला, ओघळ लगेच दिसतो. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी तेव्हा रंगीत दूधच वापरलं होतं. फसतं ते तीन कारणांनी: चमचा अर्धा भरलेला, पृष्ठभाग मेणकट किंवा तेलकट, किंवा चमचा न कलवता सरळ धरलेला.

याने 'दूध कुठे गेलं' याचं उत्तर मिळतं. श्रद्धा जाईल अशी अपेक्षा ठेवू नका आणि तसं जाहीरही करू नका. उलट, पुरावा दाखवला की लोक हट्टाने जास्तच चिकटतात, हे वाक्यही सरसकट वापरू नका. 2010 च्या एका अभ्यासाने ते गाजलं. पुढे 10,100 लोकांवर 52 मुद्दे तपासले, तेव्हा तसा उलटा परिणाम जवळपास सापडलाच नाही. वस्तुस्थितीबद्दलची चूक माणसं दुरुस्त करतात. तिच्यावर उभी असलेली निष्ठा मात्र त्याच वेगाने हलत नाही.

म्हणून प्रत्येकाला सुरुवातीला एक कार्ड द्या, नाव नको, फक्त क्रमांक. त्यावर दावा एका वाक्यात, तो खरा असल्याची खात्री 0 ते 100, आणि 'अमुक दिसलं तर हा आकडा इतका करीन' हे शेवटचं. प्रयोगानंतर त्याच कार्डाच्या मागे नवा आकडा. हात वर करून मोजू नका, शेजाऱ्याकडे बघून हात वर जातात. तिसरी ओळ कोरी राहिलेली कार्डं वेगळी काढा, आस्तिकांची किती आणि नास्तिकांची किती ते मोजा. चर्चेचा दुसरा तास त्या कार्डांवरच घ्या.