पर्यावरणाचा पेपर आणि केळीचा बाग

'कॉलेजातला पर्यावरणाचा पेपर म्हणजे गाईडमधून उतरवायचा प्रकल्प, हा निरुपयोगी विषय काढूनच टाका' असं काही जण म्हणतात. त्यातलं गाईडमधून उतरवण्याचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. १९९१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातून आलेला हा विषय आमच्या कॉलेजातही शेवटच्या महिन्यात उरकला जायचा. पण विषयच निरुपयोगी, हे मात्र पटत नाही.

आमच्या मॅडमनी आम्हाला प्रश्नावली घेऊन जळगाव जिल्ह्यातल्या रावेरकडे केळीच्या बागेत पाठवलं होतं. प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न 'जागतिक तापमानवाढीबद्दल आपणास काय माहिती आहे?' बागवाले काका गप्पच. मग मैत्रिणीने सहज विचारलं, "काका, मे महिन्यात बागेचं काय होतं?" तसे ते उठले आणि आम्हाला थेट बांधावर घेऊन गेले. गरम वारं अडवायला लावलेली शेवरी, उन्हाने करपलेली पानं, ऐन भरात आलेला घड दांड्यातून सटकून खाली पडलेला. पारा ४५ च्या पुढे गेला की हे असं होतं म्हणाले. पूर्वी कधी होत होतं, आता कधी होतं, सगळं तोंडपाठ. तासभर बोलत होते.

परत आल्यावर आम्ही अख्खी प्रश्नावली नव्याने लिहिली. हवामानाबद्दल लोकांशी कसं बोलायचं, हे मी त्या बांधावर शिकले. त्यामुळे पेपर काढून टाकण्यापेक्षा त्यातले निम्मे तास शिवारात घ्या, असं मला मनापासून वाटतं.