जंतनाशक देऊनही जबड्याखालची सूज जात नाही, गाभण शेळ्यांना आता काय द्यावं?

मदत हवी आहे. पुरंदर तालुका, २० उस्मानाबादी शेळ्या, ओढ्याकाठी चराई. पावसाळ्यापासून पाच-सहा शेळ्यांच्या जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज येते. संध्याकाळी चरून आल्यावर जास्त, सकाळी कमी. खालची पापणी आतून पांढरीफटक. हगवण नाही, लेंड्या घट्ट, ताप नाही. गोचीडही नाहीत. म्हणून संशय रक्त पिणाऱ्या हिमोंकस जंतावर.

फेनबेंडाझोल दिलं, वजन करूनच, किलोला १० मिलिग्रॅम, कारण मेंढीचा डोस शेळीला कमी पडतो. १४ दिवसांनी लेंडी तपासली तर गोलकृमींची अंडी जवळपास तेवढीच. पर्णकृमीची अंडी नाहीत. अल्बेंडाझोल त्याच गटातलं, त्यामुळे ते पुन्हा देण्यात अर्थ वाटत नाही.

पर्याय लेव्हामिसोल किंवा क्लोसँटेल. पण लेव्हामिसोलचा डोस थोडा चढला तरी विषबाधा होते, क्लोसँटेल जास्त झालं तर डोळे जातात. आजारी शेळ्यांतल्या तीन शेवटच्या महिन्यात गाभण आहेत, अंगात त्राण नाही. डॉक्टरांना विचारूनच देणार, पण ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा: अशा गाभण, रक्त कमी झालेल्या शेळीला दोन्हींपैकी कोणतं दिलंत, किलोला किती, आणि व्यायल्यावर दूध किती दिवस वापरलं नाहीत?