बायपासच्या आधीची कागदपत्रं: जनरल पॉवर केली की झालं का?

डोंबिवली_स्लो
वडिलांची (वय ७१) बायपास १२ दिवसांनी आहे. फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर, सोसायटीत नॉमिनेशन नाही. पेन्शनचं खातं आईबरोबर जॉइंट. एफडी तीन बँकांत, दोन एकट्याच्या नावावर. सातारा जिल्ह्यातल्या सातबाऱ्यावर काकांबरोबर नाव आहे. वडिलांची तब्येत बोलती-चालती, सही व्यवस्थित. सगळे सांगतात, "जनरल पॉवर ऑफ अॅटर्नी करून घ्या, काम संपलं." खरंच भागतं का? मृत्युपत्र या मुदतीत रजिस्टर होईल का?

शिक्का_मोर्तब
नाही भागत. तुम्हाला ज्या वेळेची भीती आहे, नेमक्या त्याच वेळी पॉवर निकामी होते. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र (म्हणजेच पॉवर ऑफ अॅटर्नी) देणारा मरण पावला किंवा त्याची समज गेली की मुखत्याराचे अधिकार संपतात. "मी बेशुद्ध झालो तरी हे चालू राहील" असं वाक्य टाकून काही उपयोग नाही, आपल्याकडे तशी सोय कायद्यात नाही. माणूस कोमात गेला तर पालक नेमून घ्यायला घरच्यांना हायकोर्टात रिट अर्ज करावा लागतो. मेडिकल रिपोर्ट, सगळ्या वारसांची संमती, मालमत्तेची यादी, असा तो मोठा व्याप.

पॉवर कामाची आहे ती वडील शुद्धीत आहेत पण बँकेत जाऊ शकत नाहीत, त्या सहा-आठ आठवड्यांपुरती. म्हणून ती छोटी ठेवा: कोणत्या बँकेतलं कोणतं खातं, विम्याचा क्लेम, वीजबिल, सोसायटी. नोटरीकडे जाण्याआधी बँकेचा नमुना मागून घ्या, कारण बऱ्याच शाखा आपल्याच नमुन्यावर अडून बसतात. फ्लॅट विकण्याचा अधिकार यात घालू नका. त्याची गरज नाही, आणि भावंडांत पहिला संशय तिथूनच येतो.

कोऱ्या चेकांवर सह्या घेऊन ठेवायचा सल्लाही मिळेल. तो ऐकू नका. खातेदार गेल्याचं बँकेला कळलं की ते चेक वटत नाहीत, आणि मागाहून एटीएममधून काढलेल्या पैशांचा जाब वारस विचारतात.

पासबुक
बँकेपासून सुरुवात करा, एका फेरीत होतं. दोन एफडींना आईचं नाव जोडून 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहिलेला) करून घ्या. मात्र एक मेख आहे. मुदत पूर्ण झाल्यावर एकाच्या सहीने पैसे मिळतात, मुदतीआधी मोडायची तर दोघांच्याही सह्या मागतात. म्हणजे हॉस्पिटलच्या बिलासाठी जी एफडी मोडावी लागेल, ती आत्ताच मोडून जॉइंट बचत खात्यात टाका. थोडं व्याज जाईल, जाऊ दे.

१ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार नॉमिनी देता येतात, वाटा टक्क्यांत लिहून. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्याचा. जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेच्या वादात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या नॉमिनीबाबतही हेच सांगितलं.

सोसायटीचा नॉमिनेशन फॉर्म म्हणजे उपविधींतलं परिशिष्ट १४, तीन प्रतींत. दोन साक्षीदार लागतात. सेक्रेटरीची सही-शिक्क्याची पोच घ्या, नाहीतर "फॉर्म आलाच नव्हता" हे ठरलेलं. नॉमिनी सुरुवातीला तात्पुरता सभासद होतो, इतकंच.

शिक्का_मोर्तब
आता मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण करा. फी १०० रुपये. १२ दिवस भरपूर आहेत.

मसुद्यात फ्लॅटचा शेअर सर्टिफिकेट क्रमांक घाला. शेतीबद्दल "माझा अविभक्त हिस्सा" असं लिहा. अख्खा गट क्रमांक आपला असल्यासारखा लिहिला तर काका उभे राहणारच. शेवटी "वर न लिहिलेली इतर सर्व मालमत्ता" कोणाला, ते एक कलम हवंच, नाहीतर विसरलेली एफडी वारसाहक्काने वाटली जाते. प्रत्येक पानावर सही, खाडाखोड झाली तर तिथे वडिलांची आणि दोन्ही साक्षीदारांची सही. सही येत असताना अंगठा घेऊ नका.

डॉक्टरांचा दाखला मृत्युपत्राच्याच तारखेचा घ्या: लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह, "समजून-उमजून निर्णय घेण्याच्या स्थितीत आहेत" असा. अॅडमिट झाल्यावर, गुंगीची औषधं सुरू असताना केलेलं मृत्युपत्र कोर्टात पहिलं याच मुद्द्यावर धरतात. आणि ज्याला जास्त मिळणार त्याने वकील शोधणं, मसुदा सांगणं, ऑफिसात हात धरून नेणं, हे सगळं एकट्याने करू नये.

डोंबिवली_स्लो
साक्षीदार म्हणून वडिलांचे दोन मित्र (७३ आणि ७५) आणि मेहुणे यांपैकी कोण घ्यावं? आणि दुय्यम निबंधक कार्यालयाचा जिना वडिलांना झेपला नाही तर?

शिक्का_मोर्तब
मित्रांचं वय बघा. मृत्युपत्र सिद्ध करायला निदान एक साक्षीदार कोर्टात उभा राहावा लागतो, त्यामुळे वडिलांहून तरुण माणसं घ्या. शेजारी किंवा फॅमिली डॉक्टर उत्तम. बहिणीला वाटा मिळणार असेल तर मेहुणे नकोत. जिन्याचं म्हणाल तर नोंदणी कायद्याच्या कलम ३१ खाली निबंधक घरी येऊ शकतात: अर्ज, आजारपणाचा दाखला, वेगळी फी. अर्ज आजच द्या.

वॉर्ड_नंबर_सात
दोन गोष्टी राहिल्या. हॉस्पिटलची संमतीपत्रं ऑपरेशन, भूल, रक्त यांची बहुधा वेगवेगळी असतात, आणि शुद्धीतल्या रुग्णाची सही नातेवाइकाच्या सहीने भरून निघत नाही. आदल्या दिवशी मराठी प्रत मागा आणि वडिलांनाच वाचू द्या.

लिव्हिंग विल (पुढे स्वतः सांगता आलं नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणं) करायचं असेल तर नेटवरचे जुने नमुने टाळा. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालात मॅजिस्ट्रेटची सही लागायची. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. निर्णय कोणी घ्यायचा त्यांची नावं लिहा, प्रत फॅमिली डॉक्टरांना आणि महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याला द्या. पण त्यात नुसतं "व्हेंटिलेटर नको" लिहू नका. बायपासनंतर रुग्ण थिएटरमधून व्हेंटिलेटरवरच बाहेर येतो, काही तासांनी नळी काढतात. "बरं होण्याची आशा नाही असं दोन्ही वैद्यकीय मंडळांनी (डॉक्टरांच्या पहिल्या आणि दुसऱ्या समितीने) ठरवल्यास" ही अट वाक्यातच हवी.