वाशी खाडीत हलक्या रॉडवर जिताडा झेपेल का?

घणसोलीकर:
अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर खाड्यांमध्ये स्ट्राइप्ड बास पकडतात, ते व्हिडिओ बघून बघून सात फुटी मीडियम-लाइट रॉड, २५०० साइजची रील आणि १५ पाउंडी ब्रेड (विणलेला दोरा) घेऊन बसलोय. आता घरचे विचारतात, मासा कुठाय? तो बास आपल्याकडे नाही, मान्य. पण याच सामानावर जिताडा झेपेल का? वाशीच्या बाजूला चार इंची रबरी शॅड (माशाच्या आकाराचं खोटं आमिष) फिरवून आलो, एक शिंगाळा सोडला तर काही नाही.

दिवाळेकर:
झेपेल. रॉड राहू दे, लीडर बघ, म्हणजे ब्रेड आणि गरीच्या मधला जाड दोरा. जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड भयंकर धारदार असते. मासा उसळून डोकं झाडतो आणि ब्रेड तिथेच तुटते. पुढे दीड हात ४० पाउंडी फ्लुरोकार्बन लाव. तो पाण्याबाहेर आला की रॉडचं टोक खाली घाल. ताणून धरलंस तर गरी निसटलीच म्हणून समज.

कुठल्या पाण्याला गेला होतास ते लिहिलं नाहीस. रविवारी सवड मिळाली म्हणून निघालास तर शिंगाळेच येणार. तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता. तिथून नऊ-सव्वानऊपर्यंत ओहोटी, त्यातले शेवटचे दोन तास तुझे. आत वाशीकडे सगळं जरा उशिरानं होतं. पाणी उतरताना तिवरांतल्या नाळ्यांतून कोळंबी आणि बोईटाची पिल्लं बाहेर ओढली जातात, आणि जिताडा नाळीच्या तोंडाशी प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. त्याला हलायचा कंटाळा. आमिष वाहत त्याच्यापर्यंत गेलं पाहिजे. अष्टमीच्या भांगाला (लहान भरती-ओहोटीला) पाण्याला ओढ नसते, तेव्हा खुशाल झोप. संकष्टीची सकाळ चांगली. उपास असेल तर मासा सोडून दे, हाय काय नाय काय!

आपलं पाणी चहासारखं. शॅड दिसण्याआधी तिची थरथर माशाला कळायला हवी, म्हणून रुंद शेपटीची घे आणि तळालगत अगदी सावकाश ओढ. डोलीच्या, म्हणजे खाडीत बांधलेल्या जाळ्याच्या, खांबांपासून लांब टाक. गरी अडकते ती वेगळी, आणि जाळं कुणाचं तरी पोट असतं.

मोठा लागला तर मी सोडतो. तुझा बास अंडी घालायला समुद्रातून गोड्या नदीत चढतो, जिताडा उलटा. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. आणि हा आधी नर असतो, वाढला की मादी होतो. म्हणजे मोठं धूड मारलंस की अंड्यांवरचीच मादी गेली. यावरून घरात मला काय काय ऐकावं लागतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ऐरोलीची_बगळी:
काका, जागेचंही सांगा ना. वाशी आणि ऐरोली पुलांच्या मधला मुंबईकडचा काठ फ्लेमिंगो अभयारण्यात येतो, २०१५ पासून. २०२२ मध्ये रामसर दर्जाही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला. तिकडे रॉड घेऊन फिरकू नका. आणि ओसरल्यावर चिखलात उतरायचं नाही म्हणजे नाही, मांडीपर्यंत रुतता आणि मागून भरती लागते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या शेजारचा मासा मी तरी खाणार नाही.

घणसोलीकर:
ताई, आभार. काका, जिवंत कोळंबी लावली तर? गरी कुठून घालायची, दोन मिनिटांत मरते.

दिवाळेकर:
डोक्यावर करवतीसारखा काटा असतो ना, त्याच्या खालून आडवी घाल. आत काळा ठिपका दिसतो, त्याच्या पुढूनच, ठिपक्याला लागली की मेली. बारीक तारेची गरी हवी. कोळंबी पागून (फेकजाळ्यानं पकडून) घे, बाजारातली नको. बादलीतलं पाणी तापू देऊ नकोस, बॅटरीवरचा बुडबुड्यांचा पंप मिळतो तो लाव. ड्रॅग (रीलचा ब्रेक) दोन किलोच्या आसपास ठेव, वर नको.